दुखणं तेवढं माझं

रविवारच्या उपासनेहून घरची माणसं परत येतात न येतात, तोच धाकटे आजोबा घड्याळ घेऊन दारात उभे राहिले. घड्याळ चादरीत गुंडाळलेलं होतं आणि त्यांनी ते झोपलेल्या लेकरासारखं खांद्यावर टाकलं होतं. बारा वाजून गेले होते. चादरीच्या आतून आठ टोले पडले.

"घे," ते थोरल्या भावाला म्हणाले. "पुष्कळ दिवस ठेवलं. आता हे तुझं."

"माझं नाही," थोरले आजोबा म्हणाले. "तुझं."

घरात 'माझं' हा शब्द नकार देताना वापरायची परवानगी होती.

"बाबांनी मरताना तुझ्याकडे बघितलं होतं."

"माझ्याकडे बघून त्यांनी तुझं नाव घेतलं होतं."

"ते पाणी मागत होते."

थोरल्या आजोबांच्या नातीने, मुंगीने, चपला काढता काढता हे सगळं ऐकलं. जन्मल्यापासून ऐकत होती. पणजोबांनी शेवटच्या घटकेला दोन्ही मुलांना जवळ बोलावून सांगितलं होतं, की माझं माझं करत भांडू नका. मुलं आज्ञाधारक होती. ती तुझं तुझं करत भांडली. आधी घड्याळावरून, मग तेच घड्याळ समोरच्याने न घेतल्याचा अपमान झाला म्हणून. मधली कित्येक वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. त्या काळात घड्याळ एका घरातून दुसऱ्या घरात जायचं ते रात्री, गुपचूप; आणणारा ते दाराशी ठेवून पळून जायचा. आता भाऊ म्हातारे झाले होते, गुडघे गेले होते, पळणं होत नव्हतं. म्हणून समेट झाला होता.

थोरल्या आजोबांनी मात्र वडिलांच्या शब्दाचा घरात कायदाच करून टाकला. आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होते, 'पुढे सरका, जागा द्या' यातच त्यांची धर्माची समज पक्की झाली होती. घरात कोणी 'माझं' म्हणायचं नाही. सगळं प्रभूचं, आपण नुसते प्रवासी. त्यामुळे ब्रशांना रंगांवरून ओळखत. मुंगीच्या पप्पांचा चष्मा म्हणजे 'तो टेबलावरचा चष्मा' आणि आईचं माहेर म्हणजे 'ते तिकडचं घर'. लग्नात पाद्रीसाहेबांनी "ही स्त्री तुझी पत्नी म्हणून स्वीकारतोस का?" असं विचारलं तेव्हा पप्पा बराच वेळ गप्प राहिले होते, आणि तिकडच्या घरातले लोक उठून जायला लागले होते.

नकार सोडला तर कायद्याला एकच सवलत होती. दुखणं. माझं डोकं, माझी पाठ, माझे सांधे असं म्हटलेलं चालायचं. कारण दुखणं दुसऱ्याला दे म्हणणं हे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही, असं आजोबांचं मत पडलं. या सवलतीचा आत्याने पुरेपूर फायदा घेतला. ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, ठणठणीत होती, आणि तिच्याकडे घरातली सगळ्यात जास्त दुखणी होती.

"आज कोचबाई जेवायला येणार आहेत," मुंगीची आई स्वयंपाकघरातून म्हणाली. ती नर्स होती आणि वाईट बातमी कशी द्यायची, ते तिला माहीत होतं. आधी सुई टोचायची, मग सांगायचं. "आल्यात. हात धुतायत."

मुंगीने काढलेली चप्पल पुन्हा पायात सरकवली.

*

कोचबाई कॉलेजात मुलींच्या व्हॉलीबॉल संघाला शिकवत. त्याच चर्चमध्ये दुसऱ्या रांगेत बसत आणि स्तोत्र म्हणताना शेवटचा स्वर इतरांपेक्षा थोडा आधी सोडत, म्हणजे पुढचं काम लवकर सुरू होतं. सामन्याआधी त्या मुलींना गोल उभं करून प्रार्थना घ्यायच्या. आधी समोरच्या संघासाठी, कोणाला इजा न होवो म्हणून. मग आपल्यासाठी, आपण त्यांना हरवावं म्हणून.

मुंगीला त्यांनी लिफ्टर केलं होतं. व्हॉलीबॉलमध्ये आपल्या बाजूला आलेल्या चेंडूला तीनदाच हात लावता येतो. पहिली मुलगी तो वर काढते, दुसरी जाळीपाशी उचलून देते, तिसरी मारते. टाळ्या तिसरीला पडतात. दुसरी, म्हणजे लिफ्टर. मुंगीला पहिल्यांदा बघून कोचबाईंनी आकाशाकडे बघून आभार मानले होते. स्वतः मारायची जराही इच्छा नसलेली मुलगी त्यांनी इतक्या वर्षांत पाहिली नव्हती.

पण चेंडू दोघींच्या मध्ये आला, की जिला तो घ्यायचा आहे तिने ओरडायचं असतं, "माझा!" नाहीतर दोघी धावतात, किंवा दोघी थांबतात. सराव चालायचा तोवर मुंगीने हे कसंबसं टाळलं. कधी "आले!" म्हणायची, कधी शिंकायची. उपांत्य सामन्यात मात्र चेंडू बरोबर तिच्या आणि खांबच्या मध्ये आला. खांब म्हणजे संघातली सगळ्यात उंच मुलगी, मारायला पटाईत. सगळं मैदान श्वास रोखून बसलं होतं. मुंगीने आजूबाजूला बघितलं आणि विचारलं, "कोणाला हवाय का?"

चेंडू पडला. सामना पुढे त्या जिंकल्या, ती गोष्ट वेगळी.

*

आजोबांनी जेवणाची प्रार्थना केली. तीत घड्याळ धाकट्या भावाकडे राहो अशी विनंती होती. धाकट्या आजोबांनी आमेन म्हटलं नाही. घड्याळ त्यांनी चादर काढून टेबलामागच्या कपाटावर, काठाशी टेकवून ठेवलं होतं.

"मी ताकाला जाऊन भांडं लपवणार नाही," कोचबाई म्हणाल्या. "आज संध्याकाळी फायनल आहे. तुमची नात 'माझा' म्हणणार असेल तर खेळेल. नसेल तर बाकावर बसेल. तिच्यामुळे पाच मुली हराव्यात, हे मला चालणार नाही."

"बसेल की," थोरले आजोबा म्हणाले. "बसण्यात काय वाईट आहे? दुसऱ्या कोणाला तरी संधी मिळेल."

"दुसरी लिफ्टर नाहीये."

"मग तर त्याग आणखी मोठा."

मुंगी बटाट्याकडे बघत होती. तिला खेळायचं होतं. 'माझी खेळायची इच्छा आहे' हे वाक्य तिने मनातल्या मनात म्हणून पाहिलं. त्यात पहिल्याच शब्दाला अडचण होती.

"बाबा, मला काय वाटतं," पप्पा म्हणाले. पप्पा सुतार होते. त्यांना काय वाटतं ते ते शक्यतो लाकडालाच सांगत. "मला वाटतं, बाबा म्हणतात ते बरोबर आहे."

"काल रात्री तर वेगळंच वाटत होतं," आई म्हणाली.

"काल रात्री बाबा नव्हते."

"मामंजी," आई सासऱ्यांकडे वळली, "तिकडच्या घरात आम्ही सात भावंडं होतो. 'माझं' न म्हणणारा उपाशी झोपायचा. तरी आमच्यापैकी कोणी वाया गेलं नाही. एक जण तर मिशनरी झाला."

"त्याच्या बॅगेवर त्याचं नाव मोठ्या अक्षरांत आहे," आजोबा म्हणाले. "पाहिलंय मी."

"दादा, जाऊ द्या ना पोरीला," आत्या म्हणाली. ती वडिलांना दादाच म्हणायची. "तिला खेळू दिलं नाहीत तर माझं डोकं दुखेल."

"ते नाहीतरी दुखणारच आहे."

"आज जास्त दुखेल."

धाकट्या आजोबांनी घसा साफ केला. ते घरांना रंग देण्याचं काम करत, आणि बोलण्याआधी समोरच्याकडे भिंतीसारखं बघत, किती हात लागतील त्याचा अंदाज घेत. "दादाचं बरोबर आहे. नियम म्हणजे नियम."

थोरले आजोबा चमकले. भाऊ आपल्या बाजूला आला की त्यांना संशय यायचा. "तुला खरंच तसं वाटतं?"

"तू म्हणतोस म्हणून. मान तुझा."

"मान माझा कशाला? तुझा."

कोचबाईंनी काटा खाली ठेवला. "आजोबा, एक विचारू? शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुवायचे होते. प्रभू काय म्हणाला? 'कोणाला धुवायचेत का' असं विचारत बसला?"

"नाही."

"उठला, रुमाल कमरेला बांधला, पाण्याचं तस्त घेतलं. काम कोणाचं होतं?"

"चाकराचं."

"आणि कोणी घेतलं?"

आजोबांनी विचार केला. "पण तो 'माझा रुमाल' असं म्हणाल्याचं लिहिलेलं नाही."

"लिहिलेलं नाही. पण त्या शिष्यांतला पेत्र नको नको म्हणत होता, तेव्हा त्याने तो रुमाल पेत्राच्या हातातही दिला नाही."

आत्याने मान खाली घातली, कारण तिला हसू येत होतं आणि हसणं हे दुखण्यात मोडत नव्हतं.

मध्ये ताटात कोंबडीचा शेवटचा तुकडा उरला होता. या घरात शेवटचा तुकडा कोणी घेत नसे. प्रत्येक जण दुसऱ्याला आग्रह करी, दुसरा तिसऱ्याला, आणि फेरी पूर्ण झाली की तुकडा मांजराला जाई. घरच्यांच्या त्यागाचा फायदा झालेला तो एकमेव प्राणी होता. दारातून आत यायला त्याला आता थोडं तिरकं व्हावं लागायचं. ते खुर्चीखाली येऊन बसलंच होतं.

"घ्या बाई," पप्पा म्हणाले. "तुम्ही घ्या."

"घेते," कोचबाई म्हणाल्या आणि तुकडा घेतला.

असं पूर्वी झालं नव्हतं. मांजर उठून उभं राहिलं.

"हे बघा," थोरले आजोबा शेवटी म्हणाले. तुकड्याचा धक्का ओसरायला त्यांना वेळ लागला होता. "मी अडेलतट्टू नाही. तोडगा आहे. तिने 'आपला' म्हणून ओरडावं."

"आपला?"

"चेंडू आपला. संघाचा. सगळ्यांचा. ह्यात स्वार्थ नाही."

"बाराभाईंची शेती, काय लागेल हाती," आई कोणाकडेही न बघता म्हणाली.

"करून बघू," आजोबा म्हणाले. "आत्ता. इथेच."

"जेवणाच्या टेबलावर?"

"प्रभूने जेवणाच्या टेबलाशीच शिकवलं, तुम्हीच म्हणालात."

कोचबाईंच्या पिशवीत चेंडू होता. पिशवीत चेंडू नसलेल्या कोचबाई मुंगीने कधी पाहिल्या नव्हत्या. दोन्ही आजोबा टेबलापलीकडे, कपाटासमोर उभे राहिले. पप्पा, आत्या आणि मुंगी त्यांच्या बाजूला. कोचबाईंनी चेंडू अगदी अलगद, बाळाकडे टाकावा तसा, दोघा भावांच्या मधोमध टाकला.

"आपला!" दोघे एकदम म्हणाले आणि एकमेकांना वाट देत एकेक पाऊल मागे सरले.

चेंडू दोघांच्या मधून गेला, कपाटावर आपटला आणि घड्याळ हललं. ते काठावर झुललं. हाताच्या अंतरावर पाच माणसं होती.

"घे रे," थोरले आजोबा म्हणाले.

"तू जवळ आहेस," धाकटे म्हणाले.

"पप्पा, तुम्ही," मुंगी म्हणाली.

"ताई, तू घेतेस का?" पप्पांनी आत्याला विचारलं.

"माझा खांदा," आत्या म्हणाली.

घड्याळ पडलं.

काच फुटली, लंबक सुटून खुर्चीखाली गेला, आणि मांजर तिरकं न होता एका झटक्यात दारातून बाहेर पडलं. ते घड्याळ कोणाचंच नसल्यामुळे कोणाचंच नुकसान झालं नव्हतं. तरीही सगळे बराच वेळ जमिनीकडे बघत राहिले. आतली कमान अजून उलगडत होती. मग तीही थांबली.

मुंगीने दोन्ही आजोबांकडे बघितलं. ते एकमेकांकडे बघत नव्हते. दोघांचे हात थोडेसे पुढे झालेले होते, तसेच, काहीतरी झेलायच्या बेतात राहून गेलेले.

थोरले आजोबा गुडघ्यावर बसले. सावकाश, त्यांचा गुडघा आणि ते यांच्यात आधी बोलणी व्हावी लागायची. त्यांनी खुर्चीखालून लंबक काढला, शर्टाच्या टोकाने पुसला.

"आम्ही दोघं लहान होतो तेव्हा बाबा ह्याला किल्ली द्यायचे," ते म्हणाले. "रोज रात्री. कोणाला विचारायचे नाहीत."

"विचारलं असतं तर बंद पडलं असतं," धाकटे आजोबा म्हणाले.

पप्पांनी केरसुणी आणली. काच कोणी गोळा करावी यावर चर्चा सुरू होणार होती, पण आईने केरसुणी हिसकावून घेतली.

"पोरी," आजोबा अजून जमिनीवरच होते. "आज संध्याकाळी. तो चेंडू. ओरड."

"काय ओरडू, आजोबा?"

आजोबांनी लंबक पुन्हा एकदा पुसला. "कोचबाई सांगतात ते."

*

परवानगी मिळाली म्हणून शब्द येतोच असं नाही. कॉलेजच्या हॉलकडे चालत जाताना पप्पांनी मुंगीचा सराव घेतला.

"म्हण. मा."

"मा."

"झा."

"झा."

"आता एकत्र."

"माझी पाठ," मुंगी म्हणाली. जीभ आपली वाट ओळखून होती.

"मीही लग्नात अडकलो होतो," पप्पा म्हणाले. "शेवटी डोळे मिटले आणि म्हणून टाकलं."

"चेंडू येताना डोळे मिटून कसं चालेल?"

पप्पांनी यावर पुढच्या वळणापर्यंत विचार केला. "मग उघडे ठेव," ते म्हणाले.

हॉलमध्ये रबराचा आणि घामाचा वास होता. बाकांवर दोन्ही कॉलेजांची माणसं दाटीवाटीने बसली होती. मुलींनी गोल केला, समोरच्या संघासाठी प्रार्थना केली, आणि ती ऐकली गेली असावी, कारण पहिला सेट समोरच्यांनी घेतला. त्यात मध्ये पडलेले दोन चेंडू मुंगीचे होते. दोन्ही वेळा तिचं तोंड उघडं होतं आणि आतून काही आलं नाही.

"मुंगे," खांब धापा टाकत म्हणाली, "तू मला चेंडू देतेस, ते चांगलं आहे. पण जो तू घेतलाच नाहीस, तो मला देणार कुठून?"

हे तिने सहज म्हटलं, चिडूनही नाही. पाण्याची बाटली तोंडाला लावता लावता. पण मुंगीला एकदम गलेलठ्ठ मांजर दिसलं, कोचबाईंच्या ताटातला तुकडा दिसला, जमिनीवरची काच दिसली. आयुष्यभर घरच्यांनी एकमेकांना दिलेल्या असंख्य वस्तू दिसल्या. त्यातली एकही कोणाला मिळालेली नव्हती.

दुसरा सेट त्यांनी कसाबसा काढला. तिसऱ्यात दोन्ही संघ बरोबरीने चालले होते तेव्हा समोरून चेंडू आला. मागच्या मुलीने तो वर काढला, पण वाकडा, आणि तो पुन्हा मुंगी आणि खांब यांच्या बरोबर मध्ये खाली यायला लागला. खांब थांबली. मुंगीकडे बघत राहिली.

मुंगीने डोळे उघडे ठेवले.

"माझा!"

आवाज असा निघाला की पंचाने शिट्टी तोंडातून काढून बघितलं. तीन पिढ्यांचा साठा होता तो. मुंगी चेंडूखाली गेली, दोन्ही हातांच्या बोटांवर तो क्षणभर आला, अगदी क्षणभर तिचा झाला, आणि तिने तो जाळीच्या वर, खांबच्या हाताला हवा तिथे नेऊन ठेवला. खांबने तो असा मारला की समोरच्या मुलींनी हात लावायचीही तसदी घेतली नाही.

टाळ्या खांबला पडल्या. मुंगीला ते बरोबरच वाटलं. पुढचा मध्ये आलेला चेंडूही तिने ओरडून घेतला, आणि त्याच्या पुढचा, आणि मग एक असाही, जो स्पष्टपणे दुसरीचा होता. त्याबद्दल तिने नंतर माफी मागितली.

शेवटच्या गुणाआधी समोरच्या कोचने खेळ थांबवला. हॉल शांत झाला. त्या शांततेत वरच्या बाकावरून दोन म्हाताऱ्यांचे आवाज खाली आले.

झालं होतं असं, की शेजारी बसलेल्या एका अनोळखी गृहस्थाने विचारलं होतं, "ती ओरडणारी छोटी मुलगी कोणाची हो?"

"माझी," थोरले आजोबा म्हणाले. मग शब्द तोंडात नीट बसतो का ते पाहिल्यासारखं पुन्हा म्हणाले, "माझी नात आहे."

"माझी," धाकटे आजोबा म्हणाले.

"तुझी कशी? माझ्या मुलाची मुलगी."

"चालायला मी शिकवलं. रंगाच्या डब्याला धरून. माझी."

"आडनाव माझं आहे!"

"माझंही तेच आहे!"

आत्या दोघांच्या मध्ये बसली होती आणि तिचं काही म्हणजे काही दुखत नव्हतं. आईने पप्पांचा हात धरला. "माझा नवरा," ती त्या अनोळखी गृहस्थाला म्हणाली, विचारलं नसताना. पप्पा लाजले आणि खालच्या बाकाची फळी नीट बसली आहे का ते बघू लागले.

खाली खांबने कपाळावरचा घाम पुसला. "ते दोघं म्हातारे भांडतायत बघ."

"हं," मुंगी म्हणाली. तिने वर बघितलं. दोघेही आपापल्या छातीवर बोट आपटत होते.

"कशावरून?"

"वाटणीवरून. घरातली जुनी गोष्ट आहे."

"त्यातले तुझे कुठले?"

पंचाने शिट्टी तोंडात धरली. मुंगीने गुडघे वाकवले, हात समोर आणले.

"दोघेही," ती म्हणाली. "दोघेही माझे."